आवाजासाठी घेतलेली गोळी

स्टुडिओत तिला सगळे थांबाबाई म्हणत. शहरातल्या बसमधून दिवसभर ‘पुढचा थांबा’ असं सांगणारा आवाज तिचा होता. मोठ्या हॉस्पिटलात ‘टोकन क्रमांक अठ्ठावन्न, खिडकी क्रमांक तीन’ असं पुकारायची तीही हीच, आणि टेलिफोनवर ‘आपण रांगेत आहात’ असं गोड बोलून माणसाला वीस मिनिटं ताटकळत ठेवायची तीही हीच. आवाज घराघरात, चेहरा कुणाच्या ओळखीचा नाही. ती स्वतः बसमध्ये चढली की वर तिचाच आवाज चालू असायचा आणि खाली कंडक्टर तिच्यावरच खेकसायचा, “पुढे सरका हो बाई!”

स्टुडिओ एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. खाली छपाईचं मशीन सुरू झालं की वर रेकॉर्डिंग बंद. काचेची एक खोली, भिंतींना करडा फोम, मध्ये माइक, आणि तोंडापासून माइकपर्यंत बरोबर एक वीत अंतर. आख्खं वाक्य तिला कधीच बोलावं लागत नसे. ‘पुढचा थांबा’ हे दोन शब्द तिने अकरा वर्षांपूर्वी एकदाच बोलून ठेवले होते. थांब्यांची नावं वेगळी बोलायची, आणि मग मशीन त्यांची मोट बांधायचं. त्यामुळे आज बोललेलं ‘पाण्याची टाकी’ अकरा वर्षांपूर्वीच्या ‘पुढचा थांबा’ला असं चिकटायला हवं की सांधा कुणाला कळू नये. आकडे म्हणजे तर डोक्याला ताप. मराठीत शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याचा तोंडवळा निराळा, एकातून दुसरा कापून घ्यायची सोय नाही. सगळे एकेक करून बोलावे लागले होते. नव्याण्णवपाशी तिने बावीस वेळा माती खाल्ली होती.

मशीनपाशी बसणारे गृहस्थ पंचावन्नच्या आसपासचे. गाता येत नव्हतं, पण ऐकावं ते त्यांनीच. म्हणून सगळे त्यांना कानसेन म्हणत. ते फारसं बोलत नसत. अकरा वर्षांत तिच्या आवाजाबद्दल त्यांनी एकदाच मत दिलं होतं. “बाई, तुमचा आवाज म्हणजे फूटपट्टी आहे. कधीही ठेवा, तेवढीच भरते.”

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. एक मुलगी झाल्यावर दोघांनी ठरवलं की एक पुरे, आणि मुलगी वर्षाची व्हायच्या आत तिने गोळ्या सुरू केल्या. रोज सकाळी चहा ओतायचा, ओट्याशेजारचा वरचा ड्रॉवर उघडायचा, गोळी घ्यायची, ड्रॉवर बंद. दात घासण्याइतकी अंगवळणी पडलेली गोष्ट. त्या गोळीचा आणि आपल्या पोटापाण्याचा काही संबंध असेल हे तिच्या गावीही नव्हतं. तिच्याच काय, कुणाच्याच.

नवरा गेला तो भर दुपारी. एका उंच इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या खोलीबाहेर डबा उघडून बसला होता, तिथेच कलंडला. हृदय बंद पडलं. वय एकोणचाळीस. त्या वेळी ती काचेच्या खोलीत कानांवर हेडफोन घालून एका विमा कंपनीची यादी वाचत होती. ‘तक्रार नोंदवण्यासाठी चार दाबा. मागील सूचना पुन्हा ऐकण्यासाठी पाच दाबा.’ यादी संपवून बाहेर आली तर फोनवर नऊ मिस्ड कॉल.

पुढचं सगळं तिने पार पाडलं. कागदपत्रं, नातेवाईक, मुलीची शाळा, सासूचं औषधपाणी. रडू मात्र आलं नाही. कुणी म्हणालं बाई घट्ट मनाची, कुणी म्हणालं धक्का बसलाय, मोकळं होऊ दे तिला. ती मोकळी बिकळी काही झाली नाही. गरम काही पिऊन जीभ भाजली की दोन दिवस कशालाच चव लागत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. फरक इतकाच की दोन दिवस उलटून गेले तरी चव परत येत नव्हती.

आठव्या की नवव्या दिवशी सकाळी चहा ओतताना हात सवयीने ड्रॉवरकडे गेला. पाकिटात अकरा गोळ्या उरल्या होत्या. मधले दिवस आपण त्या घेतल्याच नाहीत हेही तिला तेव्हाच कळलं. आता कशाला, एवढंच तिच्या मनात आलं. ड्रॉवर लावून तिने चहा घेतला. पुढे एकदा आवरताना नवऱ्याच्या दाढीच्या ब्लेडबरोबर ते पाकीटही कचऱ्यात गेलं.

पाचव्या महिन्यात बस कंपनीने नव्या वस्तीकडे एक मार्ग सुरू केला. सव्वीस नवे थांबे आले. तिने एका बैठकीत बोलून दिले. आठवड्याने कंपनीचं पत्र आलं: ‘एकाच वाक्यात दोन बाया बोलत आहेत. कृपया लक्ष घालावे.’

स्टुडिओच्या मालकीणबाईंनी तिला बोलावून ऐकवलं. ‘पुढचा थांबा’ लख्ख, सरळ. मग ‘नवीन न्यायालय’ — जरा खाली, जरा जाडसर, शेवटचं अक्षर कडेला किंचित फाटलेलं. जणू कुणी मोठी बहीण मध्येच बोलून गेली.

“सर्दी होती का गं तुला?” मालकीणबाईंनी विचारलं.

“नव्हती.”

“मग गरम पाणी पी. आलं घे. गुळण्या कर. आणि रडून घसा बसला असेल तर...”

“रडले नाही मी,” ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, नुसती माहिती म्हणून.

दहा दिवसांनी तिने तेच सव्वीस थांबे पुन्हा बोलले. चपखल बसले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण पुढच्या महिन्यात हॉस्पिटलच्या नव्या इमारतीच्या सूचना आल्या, त्या पुन्हा गडबडल्या. मग एका टेलिफोन कंपनीचं काम झकास झालं, आणि लगेचच्या कामाला ‘तुमच्या’तला ‘च्या’ चरचरला. पुढचे सात-आठ महिने असं चाललं. तिला स्वतःला तो फरक आधी कळायचाही नाही. हेडफोनमधून ऐकू आला तरी तो कुणा दुसऱ्याच्या आवाजातला असल्यासारखा वाटायचा.

“तुझा आवाज म्हणजे नळाचं पाणी झालंय,” मालकीणबाई एकदा वैतागून म्हणाल्या. “कधी येईल, कधी जाईल, पत्ता नाही. हे बघ, मी वाईट नाही. पण बस कंपनी म्हणतेय, नवी मुलगी घ्या आणि सगळंच नव्याने बोलून घ्या. मी त्यांना तीन महिने थांबा म्हटलंय. त्यापुढे माझाही नाइलाज आहे.”

“बरं,” ती म्हणाली. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मुलीच्या शाळेचं वर्ष कधी संपतं एवढाच हिशेब डोक्यात येऊन गेला.

त्याच आठवड्यात कानसेनांनी तिला थांबवलं. मालकीणबाई बाहेर गेल्या होत्या, खाली मशीन धडधडत होतं, काम बंद होतं. त्यांनी एक घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून केबल गुंडाळायला लागले.

“बाई, रागावणार नसाल तर बघा. आपल्या प्रत्येक फाइलवर तारीख असते. मी बसून यादी केली. चांगल्या बैठका निळ्या शाईने, बिघडलेल्या लाल.”

तिने कागद उघडला. चौदा महिन्यांच्या तारखा होत्या. लाल रंग वाटेल तिथे सांडलेला नव्हता. दर महिन्याला पाच-सहा दिवस, एका ओळीत, साधारण अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने.

केबल गुंडाळून झाली होती. कानसेनांनी ती सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. “मला फक्त तारखा दिसतात,” ते म्हणाले. “त्यापुढचं माझं काम नाही. मला दोन बहिणी आहेत, एवढंच सांगतो.”

“कळलं,” ती म्हणाली.

“आणखी एक. मी मागचंही तपासलं. आधीच्या दहा वर्षांत एकही लाल नाही. मी म्हटलं साहेब गेले त्याचा परिणाम. पण दुःख असं कॅलेंडर बघून येतं का?”

थांबाबाईने कागदाची घडी घातली. नवरा गेला तेव्हा सगळ्यांना एकच गोष्ट बंद झालेली दिसली होती. दुसरीही एक गोष्ट त्याच आठवड्यात बंद झाली होती, आणि ती फक्त तिला माहीत होती.

ती घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी बारीक नळी घालून आत पाहिलं आणि पडद्यावर तिला तिचे स्वरतंतू दाखवले. दोन पांढुरक्या पट्ट्या, उघडत, मिटत. लाल दिवस चालू होते, त्यामुळे पट्ट्यांच्या कडा थोड्या फुगलेल्या होत्या. ज्याच्यावर आपलं घर चालतं ते हे, असं तिच्या मनात आलं, आणि ते तिला कोंबडीच्या आतड्यासारखं दिसलं.

“काही बायकांच्या बाबतीत पाळीच्या आधी इथे सूज येते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्हीआम्ही रोज बोलतो त्यात ती कळतही नाही. तुमच्या कामात कळते, कारण तुमची तुलना तुमच्याशीच होते. गोळ्या चालू असताना हे चढउतार कमी राहतात असं काही अभ्यासांत दिसलंय. काहींत विशेष फरक दिसलेला नाही. आणि जुन्या काळच्या जास्त ताकदीच्या गोळ्यांनी आवाज जाड होतो म्हणून गाणाऱ्या बायकांना त्या नकोच सांगायचे. तेव्हा मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. शिवाय घरात एवढं झालंय. दुःखानेही आवाज बदलतो.”

“मला दुःख होत नाही,” ती म्हणाली. “म्हणजे काहीच होत नाही. चौदा महिने झाले.”

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांसाठी एका दवाखान्याच्या नावे चिठ्ठी लिहिली. मग दुसऱ्या चिठ्ठीवर एका मानसोपचारवाल्यांचा नंबर लिहून म्हणाल्या, “हेही ठेवा. आवाजासाठी नाही, तुमच्यासाठी.” तिने दोन्ही चिठ्ठ्या पर्समध्ये एकाच कप्प्यात ठेवल्या.

गोळ्या लिहून देणाऱ्या दवाखान्यात नर्स फॉर्म भरत होती. बाहेरच्या बाकांवर बायका बसलेल्या, दार उघडं.

“मिस्टरांचं नाव?”

“वारले.”

नर्सचं पेन थांबलं. तिने कागदावरचं येण्याचं कारण पुन्हा वाचलं. “मग गोळ्या...?”

“आवाजासाठी.”

“कशासाठी?”

“आवाजासाठी,” ती म्हणाली. सवयीने प्रत्येक अक्षर सुटं, स्पष्ट. बाकांवरच्या चारही बायकांनी माना वळवल्या. नर्सने फॉर्मवर काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि तिला आत पाठवलं. आतल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, वय विचारलं, डोकं दुखतं का, सिगारेट ओढता का, घरात कुणाला रक्ताच्या गाठीचा त्रास झाला होता का, सगळं विचारलं. मग पूर्वीच्याच गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, “तीन महिने बघू. फरक नाही पडला तर उगाच घेत बसू नका.”

दुसऱ्या दिवसापासून चहा, ड्रॉवर, गोळी पुन्हा सुरू झालं. पहिल्या आठवड्यात मळमळलं. बाकी काही नाही.

घरात तिच्याबरोबर तिची मुलगी आणि सासू. सासू निवृत्त मास्तरीण. तीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गावर ओरडून तिचा आवाज कधीच फाटला होता. दाराबाहेरून कुणी ऐकलं तर आत पुरुष बोलतोय असं वाटावं. एका दुपारी कात्री शोधताना तिने तो ड्रॉवर उघडला.

ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. वाढताना भांडी जरा जोरात आपटली तेवढंच. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती, मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. दोघी समोरासमोर बसून मटार सोलत होत्या.

“तुला काही सांगायचंय का मला?” सासूने विचारलं.

“कशाबद्दल, आई?”

“ड्रॉवरबद्दल.”

थांबाबाईने हातातली शेंग सोलून पूर्ण केली. “त्या आवाजासाठी आहेत.”

सासूने चष्मा काढला. “हे बघ, मी तीस वर्षं पोरांची कारणं ऐकली आहेत. गृहपाठ पाण्यात पडला, वही गाईने खाल्ली. खोटंच बोलायचं असेल तर जरा बरं खोटं बोल.”

“खोटं नाही.”

“कोण आहे तो? ऑफिसमधला आहे का? मुलंबाळं असलेला तर नाही ना?”

“कुणी नाही, आई.”

ती उठली, पर्समधून कानसेनांचा कागद आणला आणि टेबलावर उलगडला. निळं म्हणजे काय, लाल म्हणजे काय ते सांगितलं. गोळ्या कधी बंद झाल्या, तेही. सासूने चष्मा परत चढवला आणि उत्तरपत्रिका तपासावी तसा कागद वरपासून खालपर्यंत तपासला. बोट ठेवून ठेवून. मध्ये एके ठिकाणी बोट थांबलं. “इथे एक निळी चुकून लालमध्ये आली आहे.”

“त्या महिन्यात उशीर झाला होता.”

“हं.” बोट पुढे सरकलं. शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन सासूने कागद खाली ठेवला, आणि एकदम तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मटारांची पाटी पदराशी घेऊन ती रडायला लागली, त्या फाटक्या, पुरुषी आवाजात.

“आई, अहो, आता काय झालं? कुणी नाही म्हटलं ना मी.”

“तेच तर!” सासू म्हणाली. “दोन दिवस मी मनाची तयारी करत होते. पहिल्या दिवशी तुझा गळा दाबावासा वाटला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, असू दे. पोर माझं गेलंय, हिचं आयुष्य थोडंच गेलंय. कुणीतरी असेल तर हसेल तरी. काय बोलायचं तेसुद्धा पाठ करून ठेवलं होतं. आणि आता तू म्हणतेस, तेही नाही. नुसता बसचा थांबा!”

थांबाबाई तिच्याकडे बघत राहिली. आता आपण तिला जवळ घ्यायला हवं, हे तिला समजलं. म्हणून तिने सासूच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा उबदार होता, हाडं हाताला लागत होती. हात तिथे बराच वेळ राहिला. मग दोघींनी उरलेले मटार सोलले.

तिसऱ्या महिन्यात स्टुडिओत लाल शाईची गरज पडली नाही. ज्या दिवसांत हमखास बिघडायचं, मुद्दाम त्याच दिवसांत कानसेनांनी बैठक लावली. चाळीस थांबे बोलून झाले. त्यांनी ते जुन्या ‘पुढचा थांबा’ला जोडले, डोळे मिटून तीनदा ऐकले आणि म्हणाले, “बसलं.” गोळीमुळे की मधे काळ उलटल्यामुळे, कुणी पैजेवर सांगू शकलं नसतं. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी सूज कमी दिसते एवढंच लिहिलं. बस कंपनीचं पत्र आलं नाही. पत्र न येणं हीच त्यांची शाबासकी.

मालकीणबाई खूश झाल्या. “काय केलंस गं? आलं घेतलंस की नाही माझं ऐकून?”

“हो,” ती म्हणाली. कानसेन केबल गुंडाळत होते.

आवाज परत आला, बाकीचं आलं नाही. बसमध्ये वर तिचा आवाज थांबे सांगायचा, सरळ, लख्ख, ज्या बाईचं घरी सगळं ठीक आहे अशा बाईचा. ऐकणाऱ्याला कशाला संशय यावा? मानसोपचारवाल्यांच्या चिठ्ठीची घडी तिने एकदा उघडली, नंबर लावला. पलीकडून तिच्याच आवाजात ‘आपण रांगेत आहात’ असं ऐकू आलं. फोन ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही. अकरा मिनिटं धरून राहिली आणि पुढच्या महिन्याची वेळ घेतली.

एका शनिवारी ती कामावरून आली तेव्हा सासू ओट्यापाशी उभी होती. ड्रॉवरमध्ये नवं पाकीट होतं.

“हे कुणी आणलं?”

“मी. तुझं संपत आलं होतं, मोजलं मी. चिठ्ठी घेऊन गेले औषधांच्या दुकानात.”

“तुम्ही? स्वतः?”

“का, मला पाय नाहीत? तो दुकानदार चिठ्ठी बघतोय, मला बघतोय, पुन्हा चिठ्ठी बघतोय. बहात्तर वर्षांची बाई! मागे रांग लागलेली. शेवटी विचारतो कसा, आजी, हे कुणासाठी? मी म्हटलं, माझ्या सुनेच्या घशासाठी.”

“मग?”

“मग काय! मान डोलावली शहाण्यासारखी. म्हणाला, बरोबर खोकल्याचंही देऊ का?”

मुलगी आतल्या खोलीतून खो-खो हसत बाहेर आली. तिला काय कळलं होतं कोण जाणे. सासूही हसायला लागली, आवाज ठेचकाळत. थांबाबाईच्या चेहऱ्यावरही काहीतरी हललं. ते हसू होतं की नुसती ओठांची सवय, हे तिला सांगता आलं नसतं. तिने पर्स खुंटीला लावली, हात धुतले आणि विचारलं, “मग घेतलंत का खोकल्याचं?”

“घेतलं,” सासू म्हणाली. “त्याला संशय नको यायला.”